सव्वा अकराचा लिंब

आमचे घरमालक उन्हात पाय ठेवत नसत. लाडात वाढलेल्या माणसाबद्दल लोक असं बोलतात, तसं हे नव्हे. ते खरोखरच ठेवत नसत. अनवाणी चालायचे आणि जिथं ऊन पडलं असेल तिथं तळवा टेकवायचे नाहीत. लोधीपुऱ्यातलं घर सोडायचे आणि भर दुपारी बाराला सिंधीपुऱ्यात बहिणीच्या दारात उभे राहायचे, सबंध रस्ता सावलीसावलीनं. मी त्यांना दादा म्हणायचे. गल्ली त्यांना सावलीवाले म्हणायची.

त्यांचं चालणं मी दारात बसून इतकी वर्षं पाहिलं आहे की डोळे मिटले तरी दिसतं. उन्हाळ्यात तापीचं पाणी उतरलं की लोक दगडांवर पाय टाकत पलीकडे जातात ना, तसे ते जायचे. दारातल्या लिंबाखालून किराणावाल्याच्या ताडपत्रीखाली, ताडपत्रीखालून चिंचेखाली. मध्ये दोन हात ऊन असलं की थांबायचे, लांब टांग टाकायचे आणि पलीकडे गेल्यावर धोतर झटकायचे, पाणी उडाल्यासारखं. चेहरा झोपेत चालणाऱ्या माणसाचा. दुपारची गल्ली सुस्त पडलेली असायची, लांबून विणकरांच्या लूमचा खडखडाट यायचा आणि त्यात हा एक उंच, वाळका माणूस सावल्यांवरून वाहत चाललेला.

छत्री का घेत नाही, हे त्यांना गावातल्या प्रत्येकानं विचारलं होतं. मीही विचारलं.

"छत्रीची सावली डोक्यापुरती असते, बाई," ते म्हणाले. "जमीन तापलेली ती तापलेलीच. ती सावली तिथं राहिली कधी, की जमीन थंड व्हावी?"

"मग चप्पल घाला."

"मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं झालं ते. उन्हात पाय ठेवायचा आणि ठेवला नाही म्हणायचं."

"पण का ठेवायचा नाही?"

याचं उत्तर दर वेळी वेगळं यायचं. एकदा म्हणाले, माझ्या पायांना ऊन चावतं. एकदा म्हणाले, या गावात बादशहा राहून गेले, ते काय उन्हातून चालायचे? मी विचारायचं सोडून दिलं. माणूस वेडा आहे, पण भाडेकरूला त्रास देत नाही, एवढं मला पुरे होतं.

ते शाळेत शिपाई होते. घंटा द्यायचं काम. घड्याळ त्यांनी कधी हातात बांधलं नाही. झेंड्याच्या खांबाची सावली फरशीवरच्या एका भेगेला लागली की पहिली घंटा, दुसऱ्या भेगेला लागली की जेवणाची. मोठे गुरुजी मनगट दाखवून ओरडायचे, "अरे, चार मिनिटं उशीर!" दादा वर सूर्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, तुमचं पुढं आहे." तीसेक वर्षं असं चाललं. मग शाळेसमोर तीन मजली इमारत उभी राहिली आणि तिच्या सावलीत खांबाची सावली बुडाली. दादा दोन दिवस फरशीकडे बघत उभे राहिले. पोरं वर्गातच बसून राहिली, कोणी सोडेना. मग त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं, आता मला वेळ कळत नाही, दुसरा माणूस बघा.

हेच मोठे गुरुजी पुढे वारले, तेही वैशाखात. तिरडी साडेअकराला उचलली. सगळे सरळ रस्त्यानं गेले आणि दादा आपल्या वाटेनं, या ओट्याच्या छपराखालून त्या झाडाखाली. नदीवर पोचले तेव्हा लोक आंघोळी करून परत फिरले होते. हात जोडून राखेला म्हणाले, "गुरुजी, आज खरंच उशीर झाला." हे मला किराणावाल्यानं सांगितलं. तो हसत होता. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

नोकरी सुटल्यापासून बारा वाजता बहिणीकडे जेवायचं, हा त्यांचा नेम. बहीण मोठी, बालविधवा. तिला सगळे जिजी म्हणत. तिनंच त्यांना वाढवलं होतं. दादांची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सकाळचा चहा स्वतः करायचे, रात्रीची भाकरी मी द्यायचे, पण दुपारचं जेवण जिजीच्या हातचं. ते पोचल्याशिवाय जिजी घास तोंडात घालत नसे. बाराला पाट मांडायची आणि दाराकडे तोंड करून बसायची.

वाटेवरच्या झाडांना दादांच्या लेखी झाडांची नावं नव्हती. ज्या झाडाखाली ते ज्या वेळी पोचत, ती वेळ हेच त्याचं नाव. आमच्या दारातला लिंब म्हणजे सव्वा अकरा. पुढची चिंच म्हणजे साडेअकरा. तटाच्या दरवाज्याजवळचा पिंपळ पावणेबारा. जिजीच्या बोळाच्या तोंडाशी जांभूळ होतं, ते बारा. आणि बोलायचेही तसंच.

"बाई, साडेअकराला यंदा चिंचा फार लागल्यात."

"पावणेबाराला काल पालवी फुटली."

नवा माणूस ऐकायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, "ठीक बोलतात ते." वर्षं गेली तसं मलाही ते विचित्र वाटेनासं झालं. दुपारी डोळा लागायचा आणि अर्धवट झोपेत वाटायचं, सगळी वेळ झाडांवर टांगलेली आहे आणि वाऱ्यानं हलते आहे.

मग झाडं जायला लागली. एकदम नाही. एक रस्ता रुंद झाला, त्यात साडेअकराची चिंच गेली. गावाबाहेर केळीच्या बागा होत्या तिथं प्लॉट पडले, म्हणून गावातून गाड्या वाढल्या, म्हणून दुकानांच्या ताडपत्र्या काढायला लावल्या. गल्ल्या मातीच्या होत्या, त्यांत फरशी आली, फरशीवर सिमेंट आलं. दादा संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायचे, "साडेअकरा गेले, बाई." जसं कोणी वारल्याचं सांगावं. आणि दुसऱ्या दिवसापासून वाट बदलायचे. चिंच गेल्यावर ते मागच्या बोळातून जायला लागले, तिथं जुन्या घरांचे छज्जे होते. वाट लांब झाली. निघायचे मात्र सव्वा अकरालाच, पावलं थोडी उचलून टाकायला लागले.

मी एकदा म्हटलं, "झाड गेलं तर गेलं. एवढ्या उंच बिल्डिंगा झाल्या, त्यांची सावली घ्या."

"वैशाखात बाराला भिंतीची सावली भिंतीच्या पोटात असते. बाहेर येतच नाही. दुपारी सावली द्यावी तर झाडानं." मग म्हणाले, "आणि संध्याकाळची जी असते ना, तीसुद्धा तापलेली. भिंत दिवसभर ऊन पिते आणि सावलीत ओकते. तुम्हाला नाही कळणार. तुमच्या पायात चप्पल आहे."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी सुताचं काम करायचे. रंगरेजाकडून रंगवलेल्या सुताच्या ओल्या लड्या आणायच्या, दारासमोर बांबूवर वाळवायच्या, आणि वाळल्या की चरख्यावर लूमसाठी सूत गुंडाळून कांड्या भरायच्या. माझा आणि लिंबाचा दावा होता. बांबू होते लिंबाखाली. थंडीत लड्या दोन-दोन दिवस ओल्या राहायच्या, त्यांना कुबट वास यायचा. कावळे वरून घाण करायचे. लिंबोळ्या पडायच्या, पिवळ्या सुताला चिकटायच्या, त्या वेचत बसायचं. मी रोज त्या झाडाला शिव्या द्यायचे आणि दादा ओट्यावरून ऐकायचे.

"बाई, त्याला कान नाहीत."

"तुम्हाला तर आहेत. एक फांदी तरी छाटा."

"कुठली छाटू? सकाळची की दुपारची?"

असं आमचं वर्षानुवर्षं.

एका माघात गल्लीत सिमेंटचा रस्ता करायला ठेकेदाराची माणसं आली. त्यांच्यातला एक कागद घेऊन माझ्या दारात आला. दुपारची वेळ होती, दादा जिजीकडे गेले होते.

"अम्मा, हा नीम नालीत आलाय. काढावा लागेल. घरवाल्यांची सही पाहिजे, की तक्रार नाही."

"घरमालक बाहेर गेलेत."

"तुम्ही राहता ना इथं? तुम्ही करा. का अंगठा लावता?"

तो असं म्हणाला नसता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. मी चौथी शिकलेली आहे. पण तोवर माझ्याकडे कोणी सही मागितली नव्हती. रेशनपासून सगळीकडे माझ्यासमोर शाईचं पॅड सरकवायचे. मी त्याच्या हातातून पेन घेतलं, पदराला हात पुसला आणि माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. वर रेघ मारली. तो म्हणाला, "अरे वा, अम्मा." मी खूश झाले. ओल्या लड्यांकडे बघून आणखी खूश झाले.

त्यांच्याकडे मशीन होतं. एवढं मोठं झाड, त्याला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला.

दादा चारला परतले. माघातलं ऊन उतरलं होतं. लिंब गल्लीभर आडवा पडला होता आणि सगळीकडे त्याचा कडू, हिरवा वास. ते त्याला वळसा घालून आले नाहीत, फांद्यांमधून वाट काढत आले. ओट्यावर बसले. त्या माणसानं कागदाची एक प्रत दारात अडकवली होती, ती काढून वाचली. बराच वेळ वाचली.

मग म्हणाले, "सही छान आहे तुमची, बाई."

एवढंच. त्यानंतर त्या सहीबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मीही चार सुनावल्या असत्या.

फाल्गुनापर्यंत निभावलं. ऊन कोवळं होतं आणि समोरच्या घराची थोडी सावली साडेअकरापर्यंत गल्लीत असायची. सूत एका तासात वाळायचं. मी मनात म्हणायचे, बघा, उगीच इतकी वर्षं भांडलो.

चैत्र लागला आणि समोरची सावली आटली. सव्वा अकराला दादा उंबऱ्यात आले. समोर पंधरा पावलं पांढरंफेक सिमेंट. पलीकडे मागच्या बोळाचं तोंड, तिथं पहिला छज्जा. मधे काही नाही. ते उंबऱ्यात बसले.

मी चरख्यावर होते. बारा वाजले. एक वाजला. आमचं घर पूर्वेला तोंड करून आहे, तेव्हा दुपार कलली की घराची स्वतःची सावली उंबऱ्यातून बाहेर पडायला लागते. दीडच्या सुमाराला ती बोटभर बाहेर आली. दादा उठले आणि तिच्या काठाशी उभे राहिले. ती वीतभर सरकली, तेही वीतभर सरकले. सगळी दुपार मी ते बघत होते. माझ्या हातातल्या कांड्या भरत होत्या, आणि समोर एक म्हातारा माणूस सावलीच्या काठाला अंगठे लावून उभा होता, पाण्याच्या काठावर उभा राहतात तसा. रस्त्यावरून वाफ उठत होती. त्या वाफेत तो हलत असल्यासारखा वाटायचा, पण हलत नव्हता. चारच्या आसपास ती सावली बोळाला लागली आणि दादा गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "सकाळी आठलाच जा की जिजींकडे. सावली लांब असते."

"आठला जाऊन काय करू? स्वयंपाक अकराला होतो. लवकर गेलो तर तिला वाटेल मी आजारी आहे."

"मग रिक्षा आणते."

"रिक्षा बोळात जात नाही. चौकात उतरावं लागतं. उतरलं की पाय कुठं?"

मला राग आला. चरखा ठेवला, चप्पल घातली आणि सिंधीपुऱ्याला गेले.

जिजी पाट मांडून बसली होती. दोन वाजून गेले होते. दोन ताटं, वाटीत वरण, वर जाळी. बाई इतकीशी झाली होती, लुगड्यात हाडं बांधून ठेवल्यासारखी. भिंतीला टेकली होती आणि ओठ कोरडे पडले होते.

"तू कोण वं?"

"तुमच्या भावाची भाडेकरू. जिजी, तुम्ही जेवून घ्या. ते चारशिवाय येत नाहीत."

"तो आल्याशिवाय घास उतरत नाही मला. तीन दिवस झाले, चक्कर येते. तो का येत नाही वं वेळेवर? घंटी देणारा माणूस तो."

"उन्हात पाय ठेवत नाहीत म्हणून. आमच्या दारातला लिंब गेला." कोणी घालवला ते मी सांगितलं नाही.

जिजी हसली. दात नव्हते. "मीच शपथ घातली होती ना त्याला."

"कसली?"

"सात वर्षांचा होता. आई शेतात, मी चुलीशी. हा भर उन्हात कैऱ्या पाडायला पळायचा. एकदा उन्हाची लू लागली, तीन दिवस डोळे उघडले नाहीत. उठला तेव्हा मी त्याला माझ्या गळ्याला हात लावायला लावला. म्हटलं, उन्हात पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

म्हणजे ही शपथ अजून चालू. सत्तरी ओलांडलेला माणूस.

"तेव्हा सोपं होतं ते," जिजी म्हणाली. "तेव्हा घरातून नदीपर्यंत ऊन शोधावं लागायचं."

"मग आता सोडा ना त्यांना. येतील तेव्हा एकदा म्हणा, शपथ सुटली. संपलं."

जिजीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिलीतली पोर आहे.

"आता सोडू? तेव्हापेक्षा आता ऊन कमी आहे का? बाहेर बघ. तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि लू लागली. आता म्हातारा झाला, अनवाणी चालतो. मी सुटली म्हणायचं, आणि यानं भर बाराला रस्त्यात पडायचं? नाही सोडायची मी."

"पण तुम्ही उपाशी मराल, जिजी!"

"मग त्याची शपथ मोडल्याचं पाप तर त्याला लागणार नाही."

आता या दोघांना काय म्हणायचं तुम्हीच सांगा. एक सावलीच्या काठावर उभा, एक ताटावर जाळी टाकून बसलेली. आणि दोघांच्या मधे माझी सही.

मी परत आले तर दारात रंगरेज उभा. हातात मीच भरलेल्या कांड्या. त्यानं एक दोरा ओढला, तट्‌कन तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला.

"बाई, हे काय केलंत? लूमवर चढत नाही. आणि रंग बघा, एक बाजू उडाली. आधी तर कधी असं नव्हतं."

"चांगलं कडकडीत वाळवलंय."

"कडकडीत!" त्यानं कपाळावर हात मारला. "सूत है बाई, पापड़ नहीं! सुताला सावली लागते, थोडी ओल लागते. ओल गेली की जान गेली. इतकी वर्षं तुमचं सूत सगळ्यांत चांगलं यायचं, मी लोकांना सांगायचो, लोधीपुऱ्याच्या बाईचा हात चांगला आहे."

हात माझा नव्हता, लिंबाचा होता. हे त्या दिवशी कळलं. सुतात जन्म गेला आणि एवढं मला माहीत नव्हतं.

त्या रात्री मी ट्रंक उघडून जुन्या साड्या काढल्या. माझ्या, माझ्या सासूच्या. टोकाला टोक शिवलं. सकाळी समोरच्या घरच्या सुनेला म्हटलं, तुझ्या खिडकीच्या गजाला दोरी बांधू दे. ती म्हणाली, "कशाला, काकू?" मी म्हटलं, "सुताला सावली पाहिजे." खोटं नव्हतं. अकराच्या आत गल्लीवर साड्या ताणल्या, ओल्या करून. त्याखाली माणसाच्या उंचीवर आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर रंगरेजाकडच्या ताज्या लड्या. लाल, जांभळ्या, हळदी. सुतातून पाणी ठिबकत होतं, सिमेंटवर पडत होतं.

सव्वा अकराला दादा उंबऱ्यात आले. वर बघितलं. खाली बघितलं. उजवा पाय पुढे केला आणि नुसती बोटं टेकवली.

"ओली आहे."

"सूत ठिबकतंय," मी म्हटलं. चरख्यावरून मान वर केली नाही.

"थंड आहे," ते म्हणाले आणि निघाले.

ते मी विसरणार नाही. साड्यांमधून ऊन गाळून येत होतं, सगळ्या गल्लीत पिकल्या पेरूसारखा उजेड. लड्या हळूहळू हलत होत्या. त्यांच्यातून दादा चालले होते, हातानं एकेक बाजूला सारत, घाई नाही, झोपेतल्यासारखे. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल थेंब पडत होते. बोळाशी पोचले आणि सवयीनं धोतर झटकलं. त्या दिवशी खरोखरच पाणी उडालं.

जिजी त्यांना म्हणाली म्हणे, "होळी होऊन महिना झाला, कुठं खेळून आलास?" आणि दोघं बाराला जेवले.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात मी रोज साड्या बांधल्या. पुढच्या वळणावर दोघी सुतवाल्या होत्या, त्यांनीही बांधल्या. दादांसाठी नाही, त्यांचं सूतही तुटत होतं. सूत चांगलं व्हायला लागलं. दादा एकदाही आभाराचं बोलले नाहीत. फक्त एका संध्याकाळी ओट्यावर म्हणाले, "बाई, सव्वा अकराला आज नवी निळी फांदी होती."

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, मृग यायला चार-आठ दिवस असतील, जिजीच्या शेजारची बाई धापा टाकत आली. अकरा वाजत होते. साड्या बांधून झाल्या होत्या. दादा सदरा घालत होते. ती दारात उभी राहून नुसती मान हलवत राहिली. जिजीनं स्वयंपाक केला होता, पाट मांडले होते, आणि बसल्या बसल्या गेली.

दादांनी सदऱ्याची बटणं लावली. सगळी, वरपर्यंत. बाहेर आले. लड्यांखालून गेले, आणि बोळाकडे न वळता सरळ मोठ्या रस्त्याला लागले. भर उन्हात. डांबर नुकतं टाकलेलं होतं, चकाकत होतं.

मी मागे धावले. "दादा! सावलीतून, दादा! पाय भाजतील!"

ते थांबले नाहीत. मागे न बघता म्हणाले, "आता कशाला, बाई. तोंड पाहायलाच चाललोय."

मी त्यांच्या मागोमाग सिंधीपुऱ्यापर्यंत गेले. सरळ रस्त्यानं ते अंतर एवढं थोडं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं त्यांना पाऊण तास लागायचा. त्या दिवशी पाण्याचा हंडा भरेल एवढ्यात पोचलो. वाटेत एकही झाड लागलं नाही. चपलेतूनही माझे तळवे पोळले. त्यांच्या तळव्यांचं मी सांगत नाही.

नंतर ते कुठूनही चालायला लागले, सगळ्यांसारखे. मी आणून दिलेली चप्पल घातली. गल्ली त्यांना सावलीवाले म्हणेनाशी झाली, नुसते दादा म्हणायला लागली. मला ते बरं वाटलं नाही. दुपारी त्यांना जायला कुठं नव्हतं. सव्वा अकराला साड्यांखाली येऊन गल्लीतच बसायचे, ओल्या सिमेंटवर पाय पसरून, आणि मी तिथंच भाकरी आणून द्यायचे. दोन हिवाळे गेले आणि ते गेले. थंडीत गेले. ऊन हवंहवंसं वाटतं, त्या दिवसांत.

आता कांड्या मशीनवर भरतात. रंगरेजाचा कारखाना बंद झाला. माझ्याकडे सूत येत नाही.

साड्या मी अजून बांधते, चैत्रापासून मृगापर्यंत, अकराच्या आत. समोरची सून आता जाडी झाली आहे, तिला स्वतःची सून येईल. ती खिडकीतून म्हणते, "काकू, आता सूत नाही, काही नाही. रोज रोज या साड्या कशाला?"

मी म्हणते, "वाळत घातल्यात."

म्हणून आधी बादलीत बुडवून काढते. कोरड्या साड्या वाळत घातल्या तर लोक मला वेडी म्हणतील.